मामांसाठी शाल-श्रीफळाच्या पुढे काय करता येईल?

प्रश्न : आमच्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात बॅकस्टेज बघणारे मामा मे अखेरीस रिटायर होतायत. कितीतरी बॅच त्यांच्या हाताखालून गेल्या, सगळ्यांचा जीव आहे त्यांच्यावर. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर दीड लाख जमलेत. कोणी म्हणतं पाकीट द्या, कोणी म्हणतं थिएटरला नाव द्या, आणि मामा म्हणतात ‘काही करू नका रे’. काय करावं?
– एक माजी विद्यार्थी

उत्तर : मामा नको म्हणतात ते मला वाटतं स्टेजवर हार घालून बसायला नको म्हणतात, तेव्हा आधी मामींना विचारा त्यांना खरंच काय आवडेल ते. कार्यक्रम तालमीच्या हॉलमध्येच करा, पाहुण्यांची भाषणं दोनच ठेवा, आणि त्या दिवशी लाइट लावायला दुसरा माणूस ठरवा, नाहीतर सत्कारमूर्ती दुपारी चार वाजता शिडीवर चढलेले दिसतील.

पैशांचं म्हणाल तर नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात ५०,००० च्या वर रक्कम मिळाली की ती अख्खी मामांच्या उत्पन्नात धरली जाते, त्यामुळे दीड लाखाचं पाकीट हातात देण्याआधी सीएला विचारा. मी तर म्हणेन ५० हजारांच्या आतलं त्यांना द्या आणि उरलेल्या लाखाचं मामांच्या नावाने बक्षीस ठेवा, दरवर्षी बॅकस्टेजच्या एका विद्यार्थ्याला. तो लाख ठेवीत ठेवायचा आणि व्याजातून बक्षीस द्यायचं; साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला ६,५०० होतात. बक्षिसाचा अर्ज विभागप्रमुखांमार्फत जातो, विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेची मंजुरी लागते, वेळ जातो, म्हणून आत्ताच द्या आणि मंजुरी येईपर्यंत स्टेजवरून घोषणा करू नका. थिएटरला नाव देणं त्याहून लांबचं काम आहे, त्यात अडकू नका.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम वेगळंच आहे. मामा प्रेमळ आहेत, चहा पाजतात, घरी जायला उशीर झाला तर थांबतात, हे सगळे बोलतील आणि बोलायलाच हवं, पण ते आपल्या कामात किती तयार आहेत हे कोण सांगणार? उजेड कमी-जास्त करणाऱ्या कुठल्या डिमरवर किती लोड टाकायचा, लाइटवर लावायचा रंगीत झिलेटिन जळला तर कुठून कापून परत वापरायचा, तीन लेव्हल (लाकडी चौथरे) आणि दोन फ्लॅट (भिंतीसारख्या उभ्या चौकटी) एवढ्यात स्टेजवर वाडा कसा उभा करायचा, हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. राज्य नाट्य स्पर्धेत प्रकाशयोजनेला, नेपथ्याला, रंगभूषेला बक्षिसं असतात, ती डिझाइन करणाऱ्याला मिळतात आणि मिळायलाच हवीत, पण स्पॉट टांगणाऱ्याचं नाव बऱ्याचदा ब्रोशरमध्येही नसतं. जुनी ब्रोशर काढा, जिथे मामांनी काम केलं आणि श्रेयनामावलीत नाव नाही अशा नाटकांची यादी करा, आणि ती दुरुस्त नामावली छापून विभागाच्या भिंतीवर कायमची लावा.

त्यांना बोलतंही करा. मुलाखतीसारखं समोर बसवू नका, नाटकांचं सामान ठेवतात त्या प्रॉपर्टी रूममध्ये घेऊन जा, एकेक वस्तू हातात द्या आणि मोबाइलवर छोटे छोटे व्हिडिओ घ्या, कारण वस्तू हातात आली की नाटक आठवतं. बडोद्याच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत शिकवणाऱ्या ज्योती भट्टांनी तिथल्या माणसांचे आणि कामाचे फोटो वर्षानुवर्षं काढले, ते आज एशिया आर्ट अर्काइव्ह या कलेच्या संग्रहात आहेत आणि त्या फॅकल्टीचा इतिहास त्यावरून बघता येतो. तुमच्याकडे तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. व्हिडिओला नाटकाचं नाव, साल, कोण बोलतंय हे लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या बॅचला काही कळणार नाही. आणि त्याची एक कॉपी विभागाच्या लायब्ररीत द्या, नुसतं ग्रुपवर टाकू नका.

एक काम मात्र या सगळ्याच्या आधी करा. तुमच्यातल्या ऑफिसचं कळणाऱ्या एकाने मामांसोबत बसून पेन्शन, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे यांचे कागद बघावेत, सर्व्हिस बुकमधलं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का तेही, कारण एका अक्षराच्या फरकाने पेन्शन अडकू शकते, आणि मामा स्वतःच्या कामासाठी ऑफिसात कधी कोणाच्या मागे लागणार नाहीत.