जपानी फुटबॉलपटू युरोपात टिकतात कसे? भाषा येत नाही, जेवण वेगळं, त्रास होत नाही का?

प्रश्न परवा वाचला आणि सोडून देणार होतो, पण "भाषा येत नाही" हे तुम्ही ज्या सहजपणे लिहिलंय त्यावर उत्तर द्यावंच लागेल. जे टिकले त्यांनी भाषा शिकून घेतली. नाकाता १९९८ ला इटलीत पेरुजाला गेला, सेरी आच्या, म्हणजे तिथल्या टॉप लीगच्या, पहिल्याच मॅचला युव्हेंटसवर दोन गोल मारले ते सगळे सांगतात, पण तो इटालियनमध्ये मुलाखती द्यायचा हे कुणी सांगत नाही. कावाशिमा गोलकीपर, बेल्जियम, स्कॉटलंड, फ्रान्स असा फिरला आणि प्रत्येक ठिकाणी बोलत राहिला. कुबो तर दहाव्या वर्षी बार्सिलोनाच्या अकॅडमीत गेलेला, त्याचं स्पॅनिश तिथल्या पोरांसारखं आहे. आणि हासेबे, त्याच्यावर नंतर येतो.

मी कोल्हापूरचा. पेठेतल्या तालमीकडून लेफ्ट बॅक खेळायचो, शाहू स्टेडियमवर फायनलला गर्दी काय असते ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. २०१५ ला नोकरीसाठी जर्मनीत माइंझजवळ आलो. ऑफिसात सगळं इंग्लिशमध्ये, त्यामुळं जर्मन शिकायची गरजच वाटली नाही. शेजारच्या गावच्या क्लबात रविवारी खेळायला लागलो, क्राइसलीगा म्हणजे एकदम खालची लीग, प्लास्टिकचं ग्राउंड, कडेला सॉसेज भाजणारी टपरी, बघायला पन्नास-साठ माणसं. खेळात मी कुणापेक्षा कमी नव्हतो, हे आजही ठामपणे सांगतो.

ऑक्टोबरातली एक मॅच. माझ्यापुढं लेफ्ट हाफला आमचा एक इलेक्ट्रिशियन खेळायचा, अडतीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप. मी त्याला पास दिला, त्याची पाठ गोलकडं, आणि मागनं समोरच्या टीमचा एक दांडगा पोरगा सुसाट येताना मला स्वच्छ दिसला. तोंडात पहिल्यांदा आलं "मागं!", ते गिळलं, मग इंग्लिश शोधायला लागलो, आणि तेवढ्यात धडक झाली. घोट्याचा आवाज मी चार पावलांवरून ऐकला. त्याचा सगळा सीझन गेला आणि कामावरची रजा किती गेली ते मी विचारलं नाही, धीर झाला नाही. ड्रेसिंग रूममध्ये ट्रेनरनं मला एवढंच विचारलं, तेही माझ्यासाठी इंग्लिशमध्ये, की तुला तो येताना दिसला होता का. म्हणलं दिसला होता. मग? मग काय, माझ्याकडं उत्तर नव्हतं. जर्मनीत कुठल्याही पोराला जो शब्द सातव्या वर्षी येतो, "हिंटरमान", म्हणजे तुझ्या मागं माणूस आहे, तो मला चौदा महिन्यांत आला नव्हता.

जानेवारीत एक जपानी पोरगा आमच्यात आला. बावीस वर्षांचा, एका सुशीच्या हॉटेलात किचनमध्ये काम करून खेळायचा. असे बरेच येतात इकडं, फक्त बुंडेस्लिगावाले, म्हणजे टॉप लीगचे, नव्हेत. माइंझमध्ये तर तिथंच खेळलेल्या ओकाझाकी या जपानी स्ट्रायकरच्या पाठबळावर २०१४ ला बासारा माइंझ नावाचा क्लबच निघाला, जपानी पोरांना घेऊन एकदम तळाच्या लीगपासून वर चढत गेला. तर हा पोरगा. खेळ बरा होता, पण कोल्हापुरात त्याच्यापेक्षा चांगला टच असलेली दहा पोरं मी आत्ता नावानिशी सांगतो. पहिल्या प्रॅक्टिसला डाव्या मनगटाला पांढरी टेप गुंडाळून आला, मला वाटलं दुखापत असेल. जवळून बघितलं तर टेपवर बॉलपेननं बारीक जपानी अक्षरात सात-आठ ओळी. तो एकेक ओळ दाखवून मला वाचून दाखवायला लागला: हिंटरमान. त्साइट, म्हणजे वेळ आहे तुझ्याकडं, वळ. राउस, म्हणजे सगळे वर निघा. लिओ, म्हणजे बॉल माझा, तू सोड, हे कुणाचं नाव नाही, इथं ओरडायची पद्धत आहे. कुठला नवा शब्द कानावर पडला की प्रॅक्टिस थांबवून विचारायचा, मग टेपवर लिहायचा. लोक हसायचे, तोही हसायचा आणि परत विचारायचा. तीन आठवड्यांत तो डिफेन्सच्या मधोमध उभा राहून आमच्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडत होता, आणि ट्रेनरनं त्याला तिथनं सीझन संपेपर्यंत हलवलं नाही. पुढच्या रविवारी मीही टेप बांधली, देवनागरीत लिहून.

आता दादाचा विषय. माझा थोरला भाऊ, फुटबॉलवेडा, मला बूट बांधायला त्यानं शिकवलं. मी निघताना पुण्यात जर्मनचा क्लास लावू का विचारलं तर म्हणाला, "कशाला पैसे घालतोस? पाय बोलाय पाहिजेत, तोंड न्हाई. काम बघून घेतील की." ऑफिसलाही तेच लागू म्हणे. आणि पुरावा काय तर नाकामुरा. नोव्हेंबर २००६, ग्लासगोचा सेल्टिक विरुद्ध मँचेस्टर युनायटेड, सेल्टिककडून त्यानं मारलेली ती फ्री किक, आम्ही दोघांनी मध्यरात्रीनंतर आवाज बंद करून बघितली होती कारण वडील झोपलेले. नाकामुरा चार वर्षं ग्लासगोत दुभाषा घेऊन राहिला, २००७ ला स्कॉटलंडचा बेस्ट प्लेअर झाला, मग भाषा कशाला, हे दादाचं म्हणणं. गेली दहा वर्षं प्रत्येक दिवाळीला हेच.

माझं उत्तर असं आहे दादा, की फ्री किक मारताना कुणाशी बोलावं लागत नाही. बॉल ठेवला, चार पावलं मागं, मारला. असा डावा पाय ज्याला देवानं दिलाय त्यानं खुशाल दुभाषा ठेवावा. बाकीच्यांचं काय? बॅकला, हाफला, ऑफिसात टेबलाच्या कडेला बसणाऱ्याचं काय? हासेबे बघ. ना वेग, ना गोल, फ्री किकसुद्धा त्याची नाही. जानेवारी २००८ ला वोल्फ्सबुर्गला आला, २००९ ला लीग जिंकली, मग न्युर्नबर्ग, २०१४ पासून फ्रँकफुर्ट, तिथं २०१८ ला जर्मन कप, २०२२ ला युरोपा लीग, आणि मे २०२४ ला चाळिसाव्या वर्षी रिटायर झाला. शेवटची काही वर्षं तर डिफेन्सच्या मधोमध उभा राहून बाकीच्यांना जागा दाखवायचा. ते काम मुक्या माणसाचं नाही. मॅचनंतर टीव्हीवर जर्मनमध्ये शांतपणे बोलायचा, चुका असतील व्याकरणाच्या, कोण मोजतंय. रिटायर झाल्यावर फ्रँकफुर्टनं त्याला त्यांच्या ज्युनिअर टीमचा असिस्टंट कोच केलं. दुभाषा घेऊन फिरणाऱ्याला ही नोकरी कोण देईल?

तुमच्या मूळ प्रश्नाचा बाकीचा भाग पटकन सांगतो. एवढे जण जाऊ शकतात कारण जर्मनीत परदेशी खेळाडूंच्या संख्येवर इटली-स्पेनसारखी मर्यादा नाही, आणि जपानी खेळाडू स्वस्तात मिळायचे. कागावाला डॉर्टमुंडनं २०१० ला साडेतीन लाख युरोत उचलला, दोन वर्षांत दोन लीग जिंकून तो मँचेस्टरला गेला. बेल्जियममध्ये सिंट-ट्रुइडन हा क्लब २०१७ ला डीएमएम या जपानी कंपनीनं घेतला, एंडो, तोमियासु, कामादा तिघंही तिथनंच पुढं गेलेत, म्हणजे युरोपची सवय करायची पहिली पायरीच म्हणा. इंग्लंडला वर्क परमिटची भानगड, मितोमाला ब्रायटननं घेऊनसुद्धा एक वर्ष ब्रसेल्सच्या युनियन नावाच्या क्लबात काढावं लागलं. २०२२ च्या वर्ल्ड कपला जपानकडून जर्मनीवर गोल कुणी मारले? दोआन आणि आसानो, एक फ्रायबुर्गचा, एक बोखुमचा, दोघंही जर्मनीतच खेळणारे. त्या दिवशी दुपारी आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आसानोच्या गोलनंतर एवढी शांतता होती की फ्रिजचा आवाज येत होता.

हां, एक मान्य करतो, नाहीतर दादा कॉमेंटमध्ये येईलच. भाषा येऊनही परत गेलेले आहेत, दुखापती होतात, कोच बदलला की बेंचवर बसावं लागतं. नाकामुरा २००९ ला स्पेनच्या एस्पान्योलला गेला आणि वर्षाच्या आत योकोहामाला परत आला, ते फक्त भाषेमुळं असं मी म्हणत नाही, वय होतं, लीग वेगळी होती. आणि उसामीसारखा पोरगा एकोणिसाव्या वर्षी बायर्न म्युनिकसारख्या बलाढ्य क्लबात आला तर तिथं कुठल्याही भाषेत जागा मिळणं अवघडच होतं. पण तुमच्या घरात कुणी बाहेर निघालं असेल, खेळायला असो की नोकरीला, तर क्लास आधी लावा. माझे सव्वा वर्ष गेले आणि एका माणसाचा घोटा.

जेवणाचं राहिलंच. ड्युसेलडॉर्फला इमरमानस्ट्रासे म्हणून रस्ता आहे, तिथं जपानी दुकानं, बेकरी, रामेन सगळं मिळतं, तिथल्यांना काहीच अडचण नाही. बाकी गावात भात स्वतः शिजवायचा. आमच्या क्लबातला तो जपानी पोरगा एका खोलीत राहायचा, एक राइस कुकर आणि अंडी, बास. एकदा घरी जेवायला बोलावला तर आईनं पाठवलेली कांदा-लसूण चटणी गरम भातावर घेऊन वर कच्चं अंडं फोडलं, ढवळलं आणि तीन वाट्या खाल्ला, घामानं निथळत. जाताना बरणी मागून घेऊन गेला आणि झाकणावर त्या चटणीचं नाव जपानीत लिहून घेतलं.