ऐकू आलं नाही, असं म्हणायला शीक

चि. बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुझ्या आईचा फोन आला. तू फार्मसी सोडून कोर्ट रिपोर्टिंगच्या शाळेत नाव घातलंस, हे सांगताना तिचा आवाज पडला होता. "लोक बोलतात ते टाइप करायचं, त्यात कसलं करिअर?" असं तिने विचारलं. तिची समजूत मी माझ्या परीने घातली आहे. तुला मात्र लिहूनच सांगावंसं वाटलं. 31 वर्षं मी हेच काम केलं, त्यातली शेवटची 22 इथे अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टात, आणि आता निवृत्त झाल्यावरही कोणी बोलायला लागलं की मांडीवर बोटं हलतात.

मी दादरच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये पिटमन शॉर्टहँड शिकले. इंग्रजीची 120 शब्दांची परीक्षा पास झाले तेव्हा बाबांनी पेढे वाटले होते. इथे येऊन पाहते तर आरपीआरच्या, म्हणजे रिपोर्टरच्या व्यावसायिक प्रमाणपत्राच्या, परीक्षेत प्रश्नोत्तरांचा वेग मिनिटाला 225 शब्द, सलग 5 मिनिटं, आणि 95 टक्के बिनचूक. पण वेगापेक्षा मोठा फरक वेगळाच होता, तो कळायला मला वेळ लागला. आपल्याकडच्या कोर्टात साक्ष चालू असताना बहुधा जज साक्षीचा मजकूर सलग निवेदनासारखा सांगतात आणि स्टेनो तो उतरवून घेतो. इथे तुला कोणी काही सांगत नाही. साक्षीदार अडखळला, तर ते अडखळणं. वकिलाने वाक्य अर्धं सोडलं, तर ते अर्धंच. 1944 च्या कायद्याने फेडरल जिल्हा कोर्टात अधिकृत रिपोर्टर नेमायची पद्धत आली. रिपोर्टरने खरं म्हणून सही केलेली प्रत, चूक दाखवून दिली जात नाही तोवर, बरोबरच धरली जाते. ते वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोटात गोळा आला होता. तुझ्याही यावा, अशी माझी इच्छा आहे.

का, ते सांगते. फेडरल कोर्टात सुरुवातीच्या नेमणुकीलाच किमान 4 वर्षांचा अनुभव मागतात, त्यामुळे अनेकांसारखी मीही आधी बाहेर डिपॉझिशनची, म्हणजे खटल्याआधी कोर्टाबाहेर शपथेवर घेतल्या जाणाऱ्या साक्षींची, कामं केली. वकिलाच्या ऑफिसात मोठं टेबल, साक्षीदाराला शपथ, आणि दिवसभर प्रश्नोत्तरं. एका अपघाताच्या दाव्यात साक्षीदाराला विचारलं, तिथे उभं राहिलं की सिग्नल दिसतो का? तो काहीतरी म्हणाला. 'कॅन' (दिसतो) की 'कॅन्ट' (दिसत नाही), मला नक्की कळलं नाही. अमेरिकन माणसाच्या तोंडात त्या शब्दाचा शेवटचा 'ट' बहुतेक वेळा गिळलेलाच असतो. आधीच्या बोलण्यावरून मला वाटलं, दिसत असणार. मी 'कॅन' लिहिलं आणि पुढे गेले. थांबवायची लाज वाटली. खोलीत सगळी माझ्याहून मोठी माणसं, माझे उच्चार मराठी वळणाचे, आणि लहानपणापासून कानावर एकच: मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालू नये.

साक्षीदाराला प्रत तपासून दुरुस्त्या कळवायला 30 दिवस मिळतात. तीन आठवड्यांनी एक कागद टपालाने आला. पान 41, ओळ 17, 'कॅन'ऐवजी 'कॅन्ट'. त्याला सिग्नल दिसत नव्हता. अख्खा दावा त्या एका 'ट'वर उभा होता. त्याने प्रत नीट वाचली म्हणून निभावलं. भर कोर्टात दिलेल्या साक्षीला ही सोय नसते. तिथे साक्षीदार पिंजऱ्यातून उतरून घरी जातो, आणि त्याच्या नावावर तू काय लिहिलंस हे त्याला कधी कळतही नाही. वर अपील गेलं की तिथले जज त्याचा चेहरा पाहत नाहीत, आवाज ऐकत नाहीत, तुझी पानं वाचतात. फौजदारी खटल्यांत तर फेडरल कोर्टाने 1946 पासूनच फोटो आणि प्रक्षेपण बंद ठेवलं आहे.

म्हणून पहिली गोष्ट हीच शीक: ऐकू आलं नाही की हात वर करायचा आणि म्हणायचं, माफ करा, ऐकू आलं नाही. अंदाजाने लिहिलेला शब्द बरोबर निघाला तरी तो तुझा शब्द असतो, साक्षीदाराचा नव्हे. दोघं एकदम बोलायला लागले तर थांबव. मान हलवून उत्तर दिलं तर वकिलाकडे बघ, तो शब्दांत उत्तर मागेल, नाही मागितलं तर तू माग. आणि जजलाही थांबवायचं. ज्युरीला सूचना वाचून दाखवताना जज सगळ्यांत वेगाने धावतात, कारण कागद समोर असतो. पहिल्यांदा हात वर केला तेव्हा माझ्या कानशिलात रक्त ठोकत होतं. जज थांबले, ओळ पुन्हा वाचली, आणि पुढे गेले. कोणालाही वावगं वाटलं नाही. त्या खोलीत हे करायचा हक्क तुलाच आहे आणि ते कर्तव्यही तुझंच आहे.

याची दुसरी बाजू अवघड आहे. एकदा एका दिवाणी दाव्यात आपल्याकडचे एक वयस्कर गृहस्थ साक्षीला आले. मराठी दुभाषी होत्या. दुभाषी असेल तेव्हा नोंदीत फक्त इंग्रजी जातं, मूळ भाषेतलं काहीही आपण लिहीत नाही. गृहस्थ म्हणाले, "पैसे मामांनी दिले." बाई म्हणाल्या, 'अंकल'. मी 'अंकल' लिहिलं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "काकांना यातलं काही माहीत नव्हतं." पुन्हा 'अंकल'. माझ्या स्क्रीनवर एकाच माणसाने पैसे दिले होते आणि त्याच माणसाला पैशांचं काही माहीत नव्हतं. समोरच्या वकिलाने ते बरोबर पकडलं आणि उलटतपासणीत म्हाताऱ्याला खोटं ठरवायला लागला. तो बिचारा आमच्याकडे बघत राहिला. प्रश्नच त्याला कळेना.

सगळ्या खोलीत कुठे बिनसलं हे त्या क्षणी मला एकटीला दिसत होतं. बोटं 'आईचा भाऊ' लिहायला शिवशिवत होती. मी लिहिलं नाही. सुदैवाने दुभाषी बाईंच्याच ते ध्यानात आलं. त्यांनी जजची परवानगी मागितली आणि सांगितलं की दुभाषी खुलासा करू इच्छिते, मूळ भाषेत हे दोन वेगळे नातेवाईक आहेत. तो खुलासा मी त्यांच्या नावाने, अक्षरश: उतरवला. आता नोंद पूर्ण झाली, घोटाळ्यासकट. तू विचारशील, त्या बोलल्याच नसत्या तर? सुट्टी झाली असती तेव्हा मी दोन्ही बाजूंच्या वकिलांदेखत जजच्या कानावर घातलं असतं. पण झालेल्या ओळीतलं अक्षर हलवलं नसतं. तुला मराठी येतं, हिंदी येतं, उद्या एखादा साक्षीदार थाप मारतोय हेही तुला कळेल. यातलं काहीही कागदावर येता कामा नये.

स्टेनो मशीनची, म्हणजे ज्यावर आपण हे टाइप करतो त्याची, धास्ती घेऊ नकोस. आपल्याला ते इतरांपेक्षा लवकर पटतं, असा माझा अनुभव आहे. 22 कळा आणि वर आकड्यांची पट्टी. डाव्या हाताने शब्दाच्या सुरुवातीची व्यंजनं, अंगठ्यांनी स्वर, उजव्या हाताने शेवटची व्यंजनं, आणि सगळं एकदम दाबायचं. म्हणजे एका ठोक्याला एक अक्षर, आपल्या अर्थाने अक्षर. डावीकडे 'डी'ची कळच नाही, 'टी' आणि 'के' एकत्र दाबले की 'डी' होतो. 'एच' आणि 'आर' मिळून 'एल', 'पी' आणि 'डब्ल्यू' मिळून 'बी'. जोडाक्षरं गिरवत वाढलेल्या मुलीला यात नवल ते काय! स्पेलिंग डोक्यातून काढून टाक, कानाला येतं तेच दाब. मात्र 180 च्या आसपास वेग अडकेल, कधी कधी महिनोन् महिने. बहुतेक मुलं तिथेच सोडून जातात. मी रोज पहाटे दीड तास सराव करायची, आणि आठवड्यातून एक दिवस मुद्दाम वेग कमी करून फक्त बिनचूकपणासाठी लिहायची. ज्यांनी नुसता वेग धरला त्यांची बोटं पुढे गेली आणि कान मागे राहिले.

पैशांचं थोडक्यात. फेडरल कोर्टात पगार मिळतो, आणि वकिलांनी प्रत मागवली तर पानामागे वेगळे पैसे. पान 25 ओळींचं, दर ठरवून दिलेले. 30 दिवसांत हवी असेल तर कमी, दुसऱ्या दिवशी किंवा दोन तासांत हवी असेल तर बरेच जास्त. प्रत उशिरा दिलीस तर दर कापला जातो. मशीन, सॉफ्टवेअर, कागद सगळं तुझ्या खर्चाने. रिअलटाइमचं, म्हणजे बोलणं चालू असतानाच मजकूर स्क्रीनवर देण्याचं, प्रमाणपत्र जरूर घे, पगारात फरक पडतो, शिवाय जजच्या समोरच्या स्क्रीनवर तुझे शब्द लगेच उमटतात, त्यामुळे आळस करायला जागाच उरत नाही. मोठ्या खटल्यात दिवसभर कोर्ट आणि रात्री प्रत, असे आठवडे जातात. मनगटं आत्तापासून जप.

आणि शिक्षेच्या सुनावणीला चेहरा शांत ठेवायची सवय लागेल, घाई करू नकोस. एकदा आरोपीची आई बोलताना कोसळली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बोटं चालू होती. ती जे म्हणाली ते सगळं प्रतीत आहे.

आता एक कर. सुट्टीच्या दिवशी जवळच्या फेडरल कोर्टात जा. सुनावण्या लोकांना खुल्या असतात, फोन मात्र दारात काय करायचा ते विचारून घे. मागच्या बाकावर बस. वकील, जज कोणाकडेही बघू नकोस, रिपोर्टरकडे बघ. ती कधी मान वर करते, कधी कोणाला थांबवते, तेवढंच वहीत लिही आणि ती वही घेऊन माझ्याकडे ये.

येशील तेव्हा माझं जुनं मशीन तुझ्यासाठी काढून ठेवते. उजव्या करंगळीखालची 'झेड'ची कळ जरा घट्ट आहे, तिला नीट दाबावं लागतं.

तुझी,
मावशी