ईडीआय कोणकोणत्या उद्योगांत वापरतात? एपीआयच्या काळात ते शिकावं का?

तुमचे प्रश्न दोन: ईडीआय नेमकं कुठे कुठे चालतं, आणि सगळीकडे एपीआय (दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांशी थेट बोलायची नवी पद्धत) आलेलं असताना ते शिकण्यात अर्थ आहे का. मी चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ईआरपी, म्हणजे ऑर्डर, साठा, हिशेब यांचं सॉफ्टवेअर, सांभाळतो. त्यामुळे वाहन उद्योगाबद्दल जरा जास्त बोलेन, चालवून घ्या.

ईडीआय म्हणजे इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज: एका कंपनीच्या संगणकातली ऑर्डर किंवा बिल ठरलेल्या साच्यात दुसऱ्या कंपनीच्या संगणकात थेट जातं, मधे कोणी टाइप करत बसत नाही. अमेरिकेत एक्स१२ हा साचा, युरोपात एडिफॅक्ट. पण हौसेने ईडीआयकडे वळलेला धंदा मी तरी पाहिला नाही. कोणीतरी वरचढ पार्टी ‘असंच पाठवा’ म्हणते आणि बाकीचे निमूट शिकतात. ती पार्टी कोण, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

आमच्याकडे ती पार्टी म्हणजे गाडी बनवणारी कंपनी. डेलफोर संदेशातून पुढच्या अनेक आठवड्यांचं शेड्यूल येतं, डेलजिटमधून नेमकं कधी किती हवं ते. माल निघाला की आम्ही एएसएन, म्हणजे माल येतोय याची आगाऊ सूचना, पाठवायचा: कोणत्या खोक्यात कोणता पार्ट, किती नग, लेबल नंबर काय. तिकडे लेबल स्कॅन होतं. एएसएन सापडला नाही तर माल अडकतो.

खरी डोकेदुखी क्यूमची, म्हणजे एकत्रित (क्युम्युलेटिव्ह) आकड्याची. युरोपातले बरेच ग्राहक ‘या वेळी ५०० पाठवा’ असं म्हणतच नाहीत. वर्षाच्या सुरुवातीपासून एकूण किती हवेत, हा चढता आकडा ते देतात. त्यांचा आकडा १२,०००, आपण आजवर पाठवले ११,५००, म्हणजे आता ५०० पाठवायचे. कागदावर सोपं आहे. पण न्हावा शेवाहून निघालेला कंटेनर कित्येक आठवडे समुद्रावर असतो. तेवढे नग आमच्या हिशेबात गेलेले आणि त्यांच्या हिशेबात न आलेले. त्यात एखादं खोकं तिकडे नाकारलं गेलं की दोन्हीकडचे आकडे जुळेनात, मग रात्री उशिरापर्यंत फोनाफोनी. संदेश अगदी बिनचूक गेलेला असतो बरं का!

त्याच कंटेनरसाठी आमचा सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम बघणारा एजंट, आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवरून शिपिंग बिल (निर्यातीचा अर्ज) भरतो. इथे वरचढ पार्टी सरकार. कस्टम्सची ही ईडीआय यंत्रणा १९९५ मध्ये दिल्लीत सुरू झाली. बंदरात तर माणसांपेक्षा संदेशच जास्त बोलतात: कंटेनर गेटातून आत-बाहेर झाला की कोडेको, जहाजावर कोणता डबा कुठल्या जागी आहे ते सांगणारा बॅपली.

रिटेलमध्ये दुकानदार राजा. वॉलमार्टने २००२ मध्ये पुरवठादारांना इंटरनेटवरून एएस२ पद्धतीने ईडीआय पाठवायला लावलं आणि ती पद्धत रुळली. तिकडच्या मोठ्या साखळ्यांत एएसएन उशिरा गेला तर दंड सरळ बिलातून कापतात.

अमेरिकेतल्या आरोग्यसेवेत मात्र कायद्याने भाग पाडलं. १९९६ च्या हिपा कायद्यामुळे इलेक्ट्रॉनिक क्लेमला ठरलेलाच साचा लागतो: विम्याचा क्लेम ८३७ नंबरच्या संदेशात, विमा कंपनीने किती दिले आणि का कापले ते ८३५ मध्ये. पुण्यात मेडिकल बिलिंगमध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा, हे आकडे त्याला झोपेतही पाठ असतील.

आपलं जीएसटी ई-इन्व्हॉइस (ऑक्टोबर २०२० पासून, आधी ५०० कोटींवर उलाढाल असलेल्यांना) जेसन नावाच्या साच्यात, एपीआयनेही जातं. जुने लोक त्याला ईडीआय म्हणणार नाहीत. मला ते त्याच घराण्यातलं वाटतं. ‘असंच पाठवा’ म्हणणारं कोणीतरी आहेच की.

म्हणून एपीआय आलं तरी शिकाच. शंभर पुरवठादारांशी एकाच साच्यात बोलणारी कंपनी तो साचा सहजासहजी मोडत नाही. फक्त सेगमेंट (संदेशातले ठरलेले भाग) पाठ करत बसू नका. पार्ट नंबर, युनिट, पत्त्याचे कोड दोन्हीकडे जुळवणं, म्हणजे मॅपिंग, यातच दिवस जातो आणि पगारही त्याचाच मिळतो. सुरुवात एडिफॅक्टपासून करा. त्याच्या संदेशांची माहिती संयुक्त राष्ट्रांच्या यूएनईसीईच्या साइटवर फुकट आहे, एक्स१२ चे अधिकृत दस्तऐवज विकत घ्यावे लागतात. आधी डेसॅडव उघडा. आमचा एएसएन तोच.