बगीच्यात चार हजार अंश?

प्रश्न : संत्र्याच्या बगीच्यात तापमान मोजायला मॉडबस आरटीयूवर (यंत्रांनी तारेवरून एकमेकांना आकडे पाठवायची पद्धत) चालणारा सेन्सर लावला, ईएसपी३२ बोर्डाला (प्रोग्राम चालवणारी लहान चिप) जोडला. प्रोग्राम पुतण्यानं लिहिला. स्क्रीनवर ४०७०.५ अंश येते, दहा मिनिटांनी ४०९६.१. दुकानदार म्हणतो सेन्सर जळाला, नवीन घ्या. घ्यावा काय?
— एक बागायतदार, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : थांबा भाऊ, पाकिटाला हात लावू नका. तुम्ही दोन आकडे पाठवले हे फार बरं केलं. त्यांच्यातला फरक बरोबर २५.६ आहे. जळालेला सेन्सर इतका हिशोबी नसतो! आणि २५६ कुठंही डोकावला की मी आधी बाईटांचा क्रम तपासतो. बाईट म्हणजे ० ते २५५ पर्यंतचा आकडा मावणारा कप्पा; त्याहून मोठ्या आकड्याला दोन बाईट लागतात.

असे सेन्सर तापमान दहापट करून पूर्णांकात पाठवतात. तुमचा ४०७०५ म्हणजे १५९ × २५६ + १. हेच दोन बाईट उलटे धरा : १ × २५६ + १५९ = ४१५, म्हणजे ४१.५ अंश. दुसरा आकडा उलटवला की ४१.६. वरुडच्या मे महिन्यात याला आपण गारवाच म्हणू.

मॉडबसवर रजिस्टरचा (दोन बाईटांच्या एका आकड्याचा) मोठा बाईट, म्हणजे ज्याला २५६ नं गुणायचं तो, आधी येतो. ईएसपी३२ मेमरीत लहान बाईट आधी ठेवतो. इंटेलचे प्रोसेसरही तसेच. पुतण्यानं आलेले बाईट जसेच्या तसे १६ बिटांच्या (म्हणजे दोन बाईटांच्या) व्हेरिएबलमध्ये कॉपी केले असणार. त्याऐवजी ‘पहिला बाईट गुणिले २५६, अधिक दुसरा’ असं सरळ गणित लिहायला सांगा. मग चिप कोणतीही असो, उत्तर तेच येईल.

दुरुस्ती पहाटेच्या एकाच आकड्यावर तपासू नका. २५.७ अंशांना दोन्ही बाईट १ असतात, तेव्हा चुकीचा प्रोग्रामही खरं बोलतो. आणि उत्साहात सगळंच उलटवायचं नाही : संदेशाच्या शेवटी चूक पकडायला जे दोन बाईट असतात, त्या सीआरसीत लहान बाईटच आधी येतो.

पुढं विजेचं मीटर जोडाल तेव्हा खरी कटकट. ३२ बिटांचा आकडा दोन रजिस्टरांत येतो आणि त्यातलं आधी कोणतं, हे मॉडबसनं ठरवलेलंच नाही. ज्याची त्याची कंपनी ठरवते. दशांश आकडा असेल तर २३० व्होल्टचे बाईट कुणी ६७, १०२, ०, ० असे पाठवतं, कुणी ०, ०, ६७, १०२. मॅन्युअलमध्ये सापडलं नाही तर शेजारी मल्टिमीटर लावा आणि जो क्रम त्याच्याशी जुळेल तो ठेवा.