मुलाखतीच्या आधी तोंडाला कोरड का पडते आणि हात गार का होतात?

मेंदूला धोका जाणवला की अनुकंपी चेतासंस्था (शरीराला धोक्यासाठी सज्ज करणारं मज्जातंतूंचं जाळं) लगेच कामाला लागते. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात शरीराला सज्ज करणारं संप्रेरक अ‍ॅड्रिनलिन सोडतात. समोर वाघ आहे की मुलाखत घेणारे साहेब, हा फरक शरीर करत नाही. पळायची किंवा भिडायची तयारी सुरू होते. छाती धडधडते, यकृत साखर सोडतं, रक्त स्नायूंकडे वळतं. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हात गार. पचन तात्पुरतं थांबल्यासारखं होतं, लाळ कमी आणि चिकट होते, म्हणून तोंडाला कोरड. तळहातांना घाम फुटतो तोही याच संस्थेमुळे.

अ‍ॅड्रिनलिनचा जोर काही मिनिटांत ओसरतो. कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक मात्र सावकाश चढतं, साधारण २०-३० मिनिटांनी शिखर गाठतं, आणि मुलाखत संपल्यावरही रेंगाळतं. खरी काळजी त्याची: ताण महिनोन्‌महिने चालला तर झोप बिघडते, रक्तदाब आणि साखर वाढू शकते.

आत जायच्या आधी दोन-तीन मिनिटं श्वास हळूहळू, लांबवून सोडा. त्याने व्हेगस मज्जातंतू (मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारा) हृदयाचा वेग उतरवतो. आणि चहा-कॉफी नंतर घ्या, कॅफिनने धडधड वाढू शकते.