वाचक विचारतात: प्लेसमेंट झालं म्हंजे नक्की काय झालं?

प्रश्न: मुलाने गेल्या वर्षी वेअरहाऊसचा तीन महिन्यांचा कोर्स केला, कुठल्यातरी कंपनीच्या सीएसआरमधून होता म्हणून फी नव्हती. भिवंडीला नोकरी लावून दिली, ती बावीस दिवसांत सोडली. आता एका कन्सल्टन्सीचे फोन येतायत, सर्व्हेला घरी येतो म्हणतात. इन्स्टिट्यूटवाला म्हणतो "नोकरी चालू आहे असंच सांगा". खरं सांगितलं तर सर्टिफिकेट काढून घेतील का?
(एक आई, दिघा)

उत्तर: ताई, सर्टिफिकेट कोणी काढून घेत नाही, बिनधास्त खरं सांगा. तो तसं का म्हणतोय ते सांगतो. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, त्याखाली मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामाला द्यावे लागतात, त्यालाच सीएसआर म्हणतात. २०२१ पासून ज्यांचा हा खर्च सरासरी १० कोटी किंवा जास्त बसतो त्यांना १ कोटी आणि त्यावरच्या प्रोजेक्टचं, तो संपून वर्ष झाल्यावर, बाहेरच्या एजन्सीकडून इम्पॅक्ट असेसमेंट, म्हंजे लोकांना खरंच फायदा झाला का याची तपासणी, करून घ्यावंच लागतं. तुम्हाला येणारे फोन बहुधा त्यातलेच. आणि इन्स्टिट्यूटला पुढची बॅच मिळायची तर प्लेसमेंटचा, म्हंजे किती जणांना नोकरी लागली तो, आकडा चांगला दिसायला हवा, एवढंच.

त्या आकड्यात बऱ्याचदा ऑफर लेटर हातात पडलं की टिक होते, पोरगं बावीस दिवस टिकलं की बावीस महिने ते कोण बघतंय. मी स्वतः बरीच वर्षं असे फॉर्म भरून घेत फिरलोय. विटाव्याला एका मुलीकडे गेलो होतो, नोकरी सोडल्याचं कारण या प्रश्नाला चारच पर्याय, लग्न, शिक्षण, पगार, इतर. ती म्हणाली पगार ठीक होता हो, पण शिफ्ट रात्री दहाला सुटायची आणि माणकोलीच्या नाक्यावर शेअर रिक्षा भरेपर्यंत एकटीनं उभं राहायचं, आईला झोप लागायची नाही. मी 'इतर' वर टिक केली, दुसरं करणार काय. रिपोर्टमध्ये सगळ्यात मोठा तुकडा 'इतर'चाच निघाला आणि मीटिंगमध्ये त्यावर एकानेही तोंड उघडलं नाही. मीही नाही.

तुमच्याकडे जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्टेशन झालं, बरं झालं, पण ठाण्याच्या पुढे कापूरबावडी, कशेळी, माणकोली हे हाल तेच. तर मुलाला म्हणावं रोजचं भाडं किती जायचं, शिफ्ट कधी सुटायची, हातात किती पडायचे, सगळं सांग आणि पर्यायात बसत नसेल तर बाजूला लिहून घ्यायला लाव. आलेल्या माणसाचं ओळखपत्र बघा, कुठल्या कंपनीसाठी करतायत ते विचारा. आधार नंबर, बँकेचं पासबुक किंवा ओटीपी मागितला तर सरळ दार लावा, सर्व्हेला यातलं काही लागत नाही.

प्रश्न: आमचं केशरी कार्ड आहे, तरी एका संस्थेच्या यादीत आम्ही गरीब नाही. असं कसं?
(कळवा)

उत्तर: कारण गरिबी मोजायच्या पट्ट्या वेगवेगळ्या आहेत. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ ला शहरात माणशी महिना १००० रुपये खर्च ही गरिबीची रेषा होती, रंगराजन समितीने २०१४ मध्ये तीच १४०७ वर नेली. स्वस्त धान्यासाठी आपल्याकडे शहरातल्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५९ हजारांच्या आत लागतं, आणि केशरी कार्ड तर १ लाखापर्यंत मिळतं. संस्थेने कुठली पट्टी लावली ते लेखी मागा.

प्रश्न: एमएसडब्ल्यू (समाजकार्यात एमए) करतेय, रोजगार आणि गरिबीवर रिसर्च करणाऱ्या कन्सल्टन्सीत जायचंय. काय शिकू?
(घणसोली)

उत्तर: एक्सेल शिकाच, पण त्याआधी प्रश्न मराठीत विचारायला शिका. इंग्रजी फॉर्मवरून केलेलं 'आपली रोजगारक्षमता वाढली का?' हे वाक्य मी वस्तीत वाचून दाखवलंय, समोरची बाई माझ्याकडे बघत राहिली. तिला 'काम करता का?' विचारलं तर म्हणाली काहीच नाही, घरीच असते, आणि हे बोलताना हात इमिटेशनच्या माळा ओवत होते, डझनावर पैसे मिळतात. सरकारच्या पीएलएफएस या रोजगार मोजणाऱ्या सर्व्हेत आठवड्याच्या हिशोबाने सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात, म्हंजे ती धरली जायला हवी, आणि तिच्या तोंडून 'नाही' आलं की बाहेर. त्यामुळे 'मागच्या आठवड्यात पैशासाठी काय काय केलं, घरबसल्यासुद्धा?' असं विचारायचं आणि हाताकडे बघायचं. आणि हो, इंटर्नशिपमध्ये फॉर्मचं भाषांतर फुकट करून घेतात, त्याचे पैसे आधीच ठरवून घ्या.