किराण्याचे महिन्याचे बजेट दर महिन्याला ओलांडले जाते. नेमकी कात्री कोठे लावावी?

तुम्ही लिहिले आहे की पुण्यात तुमचे चौघांचे कुटुंब आहे, दोन्ही मुले शाळेत आहेत, किराण्यासाठी दरमहा 12,000 रुपये ठरवलेले असतात आणि महिनाअखेरीस खर्च 16,000 ते 17,000 रुपयांवर गेलेला असतो. मी डोंबिवलीत पाच माणसांचे घर अनेक वर्षांपासून चालवते आणि वाणसामानाची वही न चुकता ठेवते. त्या वहीच्या आधारे सांगते की कात्री लावण्याआधी तुम्ही बजेट रुपयांऐवजी किलो आणि लिटरमध्ये बांधून पाहावे, कारण रुपयांचा आकडा तुमच्या हातात पूर्णपणे कधीच नसतो, माप मात्र असते.

एक उदाहरण देते. केंद्र सरकारने 14 सप्टेंबर 2024 पासून कच्च्या पामतेल, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरील मूळ सीमाशुल्क शून्यावरून 20 टक्क्यांवर नेले आणि ऐन सणासुदीत खाद्यतेल महागले. त्याआधीच्या वर्षी, 2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये, टोमॅटोने किलोला 100 रुपयांचा टप्पा कितीतरी मागे टाकला होता. अशा महिन्यांत ज्या घराने फक्त ‘12,000 रुपये’ एवढेच ठरवलेले असते, त्या घराला आपण उधळपट्टी केली की बाजार चढला हे कळत नाही आणि दोन-तीन महिने असे गेले की माणूस बजेट पाळण्याचा नादच सोडून देतो. याउलट महिन्याला साडेतीन लिटर तेल असे ठरलेले असेल आणि साडेतीनच लिटर संपले असेल, तर वाढलेला खर्च भावामुळे वाढला हे स्पष्ट दिसते आणि घरात कोणाला दोष देण्याची वेळ येत नाही.

हे माप काढण्यासाठी पहिला एक महिना काहीही कमी न करता केवळ नोंद ठेवावी. नवे पाकीट फोडले की डब्याच्या झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून तारीख लिहावी आणि डबा रिकामा झाला की ती तारीख वहीत उतरवावी. थोडा हिशोब अंदाजानेही करता येतो. एक किलो गव्हाच्या पिठात मध्यम आकाराच्या 30 ते 35 पोळ्या होतात, म्हणजे रोज 20 पोळ्या लागणाऱ्या घराला महिन्याला 18 ते 20 किलो गहू पुरतो. चहाच्या एका कपाला सुमारे 2 ग्रॅम पावडर धरली, तर रोजच्या 8 कपांना महिन्याला अर्धा किलो पुरते. ही आकडेमोड एकदा केली की यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे माप लिहिता येते. ‘तेल, साखर, शेंगदाणे’ अशी मोघम यादी घेऊन दुकानात गेलेला माणूस समोर जे पाकीट दिसेल ते उचलतो. ‘शेंगदाणे सव्वा किलो’ असे लिहिलेले असेल तर तसे होत नाही.

माप हाती आले की ते कशाशी ताडून पाहावे, हा पुढचा प्रश्न, आणि माझ्या मते या उत्तरातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये सुधारित आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात 2000 किलोकॅलरींच्या आहारासाठी माणशी रोज तेल-तूप 27 ग्रॅम, डाळी-कडधान्ये (अंडी-मांस खाणाऱ्यांसाठी तेही धरून) 85 ग्रॅम, दूध 300 मिलिलिटर आणि भाज्या 400 ग्रॅम असे प्रमाण दिले आहे. मुलांच्या गरजा वयाप्रमाणे वेगळ्या असतात, तरी ढोबळ हिशोबासाठी चौघांना हेच प्रमाण धरले तर महिन्याला तेल-तूप मिळून सव्वातीन किलोच्या आसपास आणि डाळी-कडधान्ये सुमारे 10 किलो लागतात. आता आपल्याकडच्या बहुतेक याद्या डोळ्यांपुढे आणा: त्यांत तेलाचा पाच लिटरचा डबा असतो, वर तूप वेगळे असते आणि तूरडाळ, मूगडाळ, मटकी, हरभरे, चवळी असे सगळे मिळून जेमतेम चार-पाच किलो भरते. खर्च वाढला की गृहिणीचा हात प्रथम डाळीवर आखडतो, कारण डाळीचा किलोचा भाव डोळ्यांत भरतो. तेल मात्र डब्यातून ओतले जाते, त्यामुळे त्याचा हिशोब कोणी ठेवत नाही. तुम्ही कात्री तेलाला, साखरेला आणि तयार खाऊला लावा. डाळीला आणि मुलांच्या दुधाला ती लावू नये असे मी आग्रहाने सांगेन. तेलासाठी साधा उपाय असा की आठवड्याचे तेल मोजून छोट्या बरणीत काढून ठेवावे आणि मोठा डबा ओट्यावर ठेवूच नये.

तयार खाऊचा मुद्दा थोडा सविस्तर मांडते. केंद्राच्या 2022-23 च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत शहरी कुटुंबांच्या एकूण खर्चात तृणधान्यांचा वाटा 3.64 टक्के, तर पेये आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा वाटा 10.64 टक्के आढळला. या दुसऱ्या गटात बाहेरून विकत आणलेले जेवणही धरलेले असते, हे खरे. तरीही गहू-तांदळात काटकसर करून फारसे काही साधत नाही, हे या दोन आकड्यांवरून उघड होते. तुमचे वरचे 4,000 ते 5,000 रुपये बहुधा महिन्याच्या मोठ्या यादीत गेलेले नसतात. ते दहा तारखेनंतरच्या लहानसहान खरेदीत गेलेले असतात: दूध संपले म्हणून मोबाइलवरून मागवले, घरपोच आणण्याचे शुल्क वाचावे म्हणून त्याबरोबर बिस्किटे, सॉस आणि मुलांसाठी काहीतरी घेतले. प्रत्येक वेळी रक्कम 200-300 रुपयांची असते, म्हणून ती मनात नोंदलीच जात नाही. यावर मला उपयोगी पडलेला मार्ग असा की या मधल्या खरेदीला बंदी न घालता तिचा स्वतंत्र वाटा ठेवावा, समजा 1,500 रुपये, आणि संपलेल्या वस्तू स्वयंपाकघरातल्या कागदावर लिहून ठेवून त्या आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी आणाव्यात. फार थोड्या वस्तू अशा असतात की ज्यांच्यावाचून त्या दिवशी चूल अडते. शाळेच्या डब्यासाठी भाजक्या पोह्यांचा चिवडा, शेंगदाण्याचे लाडू किंवा राजगिऱ्याच्या वड्या रविवारी करून ठेवल्या, तर पाकिटांची गरज आपोआप कमी होते आणि त्यासाठी लागणारे सामान मोठ्या यादीतच बसते.

दूध आणि भाजी तुम्ही 12,000 मध्ये धरता की नाही, हे तुमच्या प्रश्नावरून कळत नाही. धरत असाल, तर ती आजच वेगळी काढा. साबण, धुण्याची पावडर आणि शाम्पूही वेगळे काढा. रोज दीड लिटर दूध घेणाऱ्या घरात दुधाचा दर लिटरमागे 2 रुपयांनी वाढला तरी महिन्याला 90 रुपये जास्त जातात आणि त्या वाढीचे ओझे तांदूळ-डाळीच्या आकड्यावर पडण्याचे कारण नाही.

किराण्याचे गणित बिघडवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे आपले मराठी वर्ष. चैत्र-वैशाखात वर्षाचा गहू, लाल मिरची, हळद, चिंच आणि वाळवणाचे सामान येते, आषाढी एकादशीला साबुदाणा, भगर आणि शेंगदाणे वाढतात, गणपतीत नारळ, गूळ आणि मोदकाची पिठी लागते आणि दिवाळीच्या फराळाला बेसन, भाजणी, साखर, तूप आणि तेल हे सगळे एकदम हवे असते. म्हणजे वर्षातले चार-पाच महिने साधे नसतातच. म्हणून वर्षभराच्या अशा खर्चाची बेरीज करावी. ती 18,000 रुपये होत असेल, तर दरमहा 1,500 रुपये निराळ्या खात्यात टाकावेत आणि सणाचे सामान फक्त त्यातूनच आणावे. वर्षाचे धान्य भरायला शहरातल्या घरात जागा नसते आणि किडीची धास्ती असते, तेव्हा तीन-चार महिन्यांपुरता गहू ऊन दाखवून भरला तरी चालतो. मिरची-मसाल्याचे मात्र वर्षाचे करून ठेवणे परवडते, कारण मसाला जागा थोडी घेतो आणि पावसाळ्यात दळून आणण्यापेक्षा उन्हाळ्यात वाळवून केलेला चांगला टिकतो.

खरेदी कोठे करावी, याविषयी थोडक्यात सांगते. 18 जुलै 2022 पासून लेबल लावलेल्या, 25 किलोपर्यंतच्या बंद पाकिटांतील डाळी, तांदूळ आणि पिठावर 5 टक्के जीएसटी लागतो, सुट्या मालावर लागत नाही. मात्र सुटा माल निवडायला वेळ लागतो आणि नोकरी करणाऱ्या घरात तो वेळही मोलाचा असतो. मोठे पाकीट नेहमी स्वस्तच पडते असे नाही. आता पाकिटावर एकूण किमतीबरोबर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दरही छापलेला असतो, तुलना त्याचीच करावी. तेल घेताना वजन पाहावे. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरते, पण त्याहून कमी वजनाची, दिसायला तेवढीच मोठी पाकिटेही फळीवर असतात. शेजारची काही कुटुंबे तयार असतील, तर मुंबई ग्राहक पंचायतीची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. 1975 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत शेजारी-शेजारी राहणारी कुटुंबे संघ करतात, महिन्याच्या सामानाची मागणी आधी नोंदवतात आणि आलेला माल एकत्र वाटून घेतात. महिन्याचे माप आधीच लिहून द्यावे लागत असल्याने वाटेत दिसले म्हणून उचलले, असे तेथे घडत नाही.

घरात खरेदी करणारे हात दोन असतील, तर दोघांनीही किराण्याचे पैसे एकाच खात्यातून द्यावेत, म्हणजे महिनाअखेरीस मोबाइलवरच्या व्यवहारांची जुळवाजुळव करावी लागत नाही.

हे सारे करूनही तिसऱ्या महिन्यात तुमचा आकडा 14,000 च्या खाली येत नसेल आणि तेल, साखर व मधली खरेदी ठरल्या मापात असेल, तर 12,000 हा आकडाच तुमच्या घराला अपुरा आहे असे समजावे. तो कदाचित काही वर्षांपूर्वी, मुले लहान असताना ठरलेला असेल. वाढत्या वयाच्या मुलांचे पोळ्यांचे आणि दुधाचे प्रमाण दरवर्षी बदलते, म्हणून शाळेचे नवे वर्ष सुरू होताना जूनमध्ये डब्यांच्या तारखांची नोंद पुन्हा एक महिना ठेवावी, आकडा निःसंकोच वाढवावा आणि वरची रक्कम बाहेरच्या खाण्याच्या खर्चातून वळवता येते का, हे आधी पाहावे.